लेकीच्या कॉलेजातली विद्यार्थी परिषद

केजहून बोलतेय. गटांची समन्वयक म्हणून तुमच्यातल्या बऱ्याच जणी मला ओळखता. कर्ज, हप्ता, दंड, व्याज यावर मी नेहमीच बोलते. आज जरा वेगळं बोलणार आहे, पण सुरुवात गटाच्या बैठकीतूनच झाली, म्हणून तिथूनच सांगते.

मागच्या महिन्यात एका गटात आमच्या एका ताईंनी लेकीच्या प्रवेशासाठी कर्ज उचललं. पोरगी बारावी पास झाली, बी.एस्सी.ला जायची होती. गटाचा नियम असा, की ज्या कारणासाठी पैसे घेतले त्याची पावती पुढच्या बैठकीला दाखवायची. ताईंनी पावती सतरंजीवर ठेवली. आपण पावतीचा शेवटचा आकडा बघतो आणि घडी घालून पिशवीत टाकतो. पण त्या गटाच्या कोषाध्यक्ष काकू वरपासून खालपर्यंत वाचल्याशिवाय कागद सोडत नाहीत. किराणा दुकानदारसुद्धा त्यांना टरकून असतो. त्या मोठ्यानं वाचायला लागल्या. प्रवेश, ग्रंथालय, ओळखपत्र, जिमखाना, सांस्कृतिक, विद्यार्थी कल्याण. तिथं थांबल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "हे विद्यार्थी कल्याण म्हणजे काय गं? कुणाचं कल्याण, आणि ठरवतं कोण?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण मी बी.ए. झालेली बाई, आणि मला उत्तर देता येईना. म्हटलं, काकू, पुढच्या बैठकीत सांगते. मग कायद्याचं पुस्तक मिळवलं, ओळखीच्या एक-दोन प्राध्यापकांना विचारलं. जे कळलं ते तुम्हाला सांगते.

आपल्या बीड जिल्ह्यातली नेहमीची कला, वाणिज्य, विज्ञानाची कॉलेजं छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ ला सुरू झालं, तेव्हा नाव नुसतं मराठवाडा विद्यापीठ होतं. पुढं नामांतराचा केवढा मोठा लढा झाला हे आपल्याकडच्या घराघरांत माहीत आहे. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे त्याच्याकडं आहेत. केजहून बीड, गेवराई करत तिथं एसटीनं जायचं म्हणजे अर्धा दिवस जातो. पण तुमची लेक केजच्या कॉलेजात शिकली तरी तिच्या पदवीवर नाव या विद्यापीठाचं असतं. परीक्षा त्याची, निकाल त्याचा, आणि पावतीवरच्या काही ओळीही त्याच्याच.

आता एवढ्या मोठ्या कारभारात पोरांचं म्हणणं कुणी ऐकायचं? त्यासाठी कायद्यानं विद्यार्थी परिषद ठेवलेली आहे. इथं एक घोटाळा आधी सोडवते. 'विद्यार्थी परिषद' म्हटलं की पुष्कळांना अखिल भारतीय विद्यार्थी परिषद आठवते. ती एक संघटना आहे. तशा एनएसयूआय, एसएफआय, छात्रभारती अशा बऱ्याच आहेत. ज्याला पटेल त्यानं त्यात जावं, न पटेल त्यानं जाऊ नये. मी ज्या परिषदेबद्दल बोलतेय ती कायद्यातली, प्रत्येक कॉलेजात असायला हवी अशी. तिला सभासद फी नाही, झेंडा नाही. कॉलेजात नाव घातलं की तुमची लेक तिची मतदार.

कायदा म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्यातलं ९९ वं कलम विद्यार्थ्यांचं. त्याची रचना मी वाचली आणि मला हसू आलं, कारण ती आपल्याला पाठ आहे. आपला गट, गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ. तसंच तिथं आधी वर्ग, मग कॉलेजची परिषद, मग विद्यापीठाचा विद्यार्थी संघ.

प्रत्येक वर्गातली मुलं आपला एक प्रतिनिधी निवडणार. शिवाय कॉलेजातली सगळी मुलं मिळून चार जागांसाठी मत देणार: अध्यक्ष, सचिव, एक विद्यार्थिनी प्रतिनिधी, आणि एक राखीव प्रवर्गातला प्रतिनिधी. राखीव जागा अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त आणि इतर मागासवर्ग यांच्यात फिरती असते, सरपंचपदाचं आरक्षण फिरतं तशी. याशिवाय राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, खेळ आणि सांस्कृतिक कामातली मुलं नेमून घेतात. मग चारही जिल्ह्यांतल्या कॉलेजांचे निवडून आलेले हे पदाधिकारी विद्यापीठाच्या संघात जातात आणि तिथं पुन्हा आपल्यातून अध्यक्ष, सचिव, विद्यार्थिनी प्रतिनिधी, राखीव प्रतिनिधी निवडतात.

म्हणजे नांदूरघाटची किंवा युसूफवडगावची एखादी मुलगी आधी वर्गातून, मग कॉलेजातून निवडून येत येत विद्यापीठाच्या संघाची अध्यक्ष होऊ शकते. कागदावर तरी होऊ शकते. आणि झाली, तर ती विद्यापीठाच्या अधिसभेत बसते. अधिसभा म्हणजे विद्यापीठाची ग्रामसभाच म्हणा. वर्षातून निदान दोनदा भरते, विद्यापीठाचं अंदाजपत्रक आणि वार्षिक अहवाल तिच्यापुढं येतात. कुलगुरू, प्राचार्य, संस्थाचालक, प्राध्यापक, पदवीधरांचे प्रतिनिधी असे सगळे मोठे लोक तिथं असतात, आणि त्यांच्यात विद्यार्थी संघाचे अध्यक्ष आणि सचिव. जिथं पैशाचा हिशोब मांडला जातो तिथं पोरांच्या दोन खुर्च्या.

काकूंना मी इथवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग बरं आहे की. आपल्या पोरीनं मत कधी दिलं?"

तिनं दिलेलं नाही, मैत्रिणींनो. तिच्या ताईनंही दिलं नाही. मी कॉलेजात होते तेव्हा मीही दिलं नव्हतं. महाराष्ट्रात कॉलेजच्या खुल्या निवडणुका बंद होऊन तीस वर्षं झाली.

पूर्वी होत होत्या. आपल्या राज्याचे कितीतरी पुढारी कॉलेजच्या निवडणुकांतूनच बोलायला शिकले. पण पुढं त्यात पैसा आला, बाहेरची माणसं आली, मारामाऱ्या झाल्या. १९८९ साली मुंबईत अशाच वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. नंतर सरकारनं या निवडणुकाच थांबवल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात वेगळी पद्धत आणली. मागच्या परीक्षेत वर्गात ज्याला जास्त मार्क, तो वर्गाचा प्रतिनिधी. दोन विद्यार्थिनी प्राचार्यांनी नेमायच्या. मग या नेमलेल्यांनी आपल्यातून एक सचिव निवडायचा.

ज्या आईबापांनी तेव्हा पोरगं गमावण्याची धास्ती घेतली त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण जास्त मार्क पडलेला मुलगा म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, हे मला पटत नाही. आपण गटाची अध्यक्ष निवडताना दहावीचे मार्क विचारतो का? जिला दुसरीची अडचण कळते, जी बँकेत साहेबापुढं बोलू शकते, जी वेळेवर येते, तिला करतो. मार्क मिळवणारी मुलं पुष्कळदा कॉलेजच्या गावातच राहणारी असतात, त्यांना सहाच्या एसटीची काळजी नसते.

आता माझी गोष्ट सांगते. सांगायला बरं वाटत नाही, पण सांगते.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. एकदा व्हरांड्यात शिपाईमामा रजिस्टर घेऊन आले, म्हणाले, "इथं सही करा." मी विचारलं, कशाची? "विद्यार्थी परिषदेची." मी सही केली. घाईत होते, पुढच्या तासाला जायचं होतं. वर्ष संपताना कॉलेजचं वार्षिक अंक निघालं, त्यात माझं नाव छापलेलं: विद्यार्थिनी प्रतिनिधी. घरी आईनं ते पान कापून ठेवलं. मी वर्षभर कॉलेजातल्या मुलींची प्रतिनिधी होते आणि मला ते वर्ष संपल्यावर कळलं. ज्या बैठकीची मी सही केली ती बैठक झाली की नाही, कोण जाणे. मी तरी गेले नव्हते.

त्याच वर्षी माझ्याबरोबर शेजारच्या गावची एक मुलगी होती. तिचा भूगोल विषय. त्याचं प्रॅक्टिकल दुपारनंतर असायचं आणि पाचला सुटायचं. तिच्या गावची शेवटची गाडी साडेचारची. ती अर्ध्या प्रॅक्टिकलमधून उठून पळायची. हजेरी कमी भरली, परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी अडवलं. तिचे वडील एकदा येऊन ऑफिसात हात जोडून उभे राहिले, मग म्हणाले, राहू दे. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. प्रॅक्टिकल सकाळी ठेवा, एवढीच मागणी होती. तशा सहा-सात मुली असतील. कुणी तरी त्यांच्या वतीनं प्राचार्यांकडं जाऊन बोलायला हवं होतं. ते काम कायद्यानं माझं होतं, आणि मला ते माहीत नव्हतं.

म्हणून मी गटात फिरताना इतिवृत्ताच्या वहीवर नजर ठेवते. बैठक न होता सह्या झालेल्या दिसल्या की मी चिडते, हे तुम्हाला माहीत आहे. मागून तुम्ही म्हणता, मॅडम उगीच कावतात. कावते ती यामुळं.

तर १९९४ ते २०१६ असं चाललं. २०१६ च्या कायद्यानं पुन्हा खुली निवडणूक आणली. नियम यायला २०१८ उजाडलं. २०१९ साली निवडणुका घ्यायचं ठरलं, पण त्याच वेळी विधानसभेची निवडणूक आली आणि यांची पुढं ढकलली. त्यानंतर करोना. करोना गेला, कॉलेजं उघडली, लोकसभा झाली, विधानसभा पुन्हा झाली. विद्यार्थ्यांची निवडणूक मात्र झालेली नाही. अठरा वर्षांची पोरगी देशाचा खासदार निवडते, एकविसाव्या वर्षी ग्रामपंचायतीला उभी राहू शकते, सरपंच होऊ शकते. फक्त आपल्या वर्गाचा प्रतिनिधी तिला निवडता येत नाही.

सगळीकडं असं आहे असं नाही. दिल्लीत दोन मोठ्या विद्यापीठांत जोरात निवडणुका होतात. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात तर निवडणूक घेणारा आयोगसुद्धा विद्यार्थ्यांचाच असतो. मतदानाच्या आधी अध्यक्षपदाचे उमेदवार रात्री सगळ्यांसमोर उभे राहतात, बोलतात, एकमेकांना प्रश्न विचारतात. हे मला फार आवडलं. आपल्या ग्रामपंचायतीला उमेदवारांना असं चावडीवर उभं केलं तर निम्मे अर्ज मागं येतील. दिल्ली विद्यापीठात मात्र पैशाचा खेळ मोठा. २०२४ साली पोस्टर लावून शहराच्या भिंती एवढ्या घाण केल्या की दिल्ली उच्च न्यायालयानं मतमोजणीच थांबवली. म्हणाले, आधी भिंती साफ करा. सप्टेंबरात मतं पडली, निकाल लागला नोव्हेंबरात.

खरं तर पैशाला आणि गुंडगिरीला आळा घालायचे नियम तयार आहेत. माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीनं ते सुचवले आणि सर्वोच्च न्यायालयानं २२ सप्टेंबर २००६ ला ते लागू करायला सांगितले. एका उमेदवारानं पाच हजार रुपयांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. निकालानंतर दोन आठवड्यांत हिशोब द्यायचा. राजकीय पक्षाकडून पैसा घ्यायचा नाही. छापील पोस्टर नाही, हातानं लिहिलेलं, तेही ठरवून दिलेल्या जागीच. गुन्ह्याचा खटला चाललेला, शिक्षा झालेला चालणार नाही. पदाधिकारी म्हणून एकदाच उभं राहता येतं. प्रचाराला भोंगा नाही, गाड्या नाहीत आणि जनावरंही नाहीत. आता आपल्या तालुक्यात विड्याला धुळवडीच्या दिवशी जावयाची गाढवावरून मिरवणूक निघते, तेवढी हौस कॉलेजात भागवता यायची नाही.

हे नियम मला बहुतेक पटतात. पण दोन ठिकाणी मी अडखळले. एक, उमेदवाराची हजेरी किमान पंचाहत्तर टक्के हवी. शहरात बसून हे ठीक वाटतं. आपल्याकडं दसरा-दिवाळीच्या सुमाराला गावं रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता घेऊन आईबाप साखर कारखान्याला निघतात. मागं राहिलेल्या पोरीवर म्हातारी आजी, दोन लहान भावंडं, शेळ्या. ती रोज कॉलेजला येईल कशी? आणि कॉलेजात ज्यांचं म्हणणं कुणी मांडत नाही, ती हीच मुलं. त्यांच्यातलीच कुणी उभी राहायला हवी, आणि हजेरीच्या अटीत पहिली तीच बसत नाही. दुसरं वयाचं. पदवीच्या मुलांसाठी सतरा ते बावीस हे वय सांगितलंय. लग्न होऊन, लेकरू शाळेत घालून मग बी.ए.ला नाव घातलेल्या सुना आपल्या गटांत आहेत. त्या मतदार होतील, उमेदवार व्हायला त्यांचं वय आडवं येईल. नियम करणाऱ्यांपुढं ऊसतोडीच्या गावची पोरगी आणि शिकणारी सून नव्हती, दुसरं काय.

आणखी एक. ग्रामपंचायतीत आपल्याला निम्म्या जागा आहेत. विद्यार्थी परिषदेत विद्यार्थिनींसाठी एक ठरलेली. अध्यक्ष, सचिव, वर्ग प्रतिनिधी या जागांवर मुलींनी उभं राहायला कुणाची मनाई नाही, पण आपल्याला अनुभव आहे ना, की एक जागा 'बाईची' म्हणून ठेवली की बाकीच्या आपोआप 'पुरुषाच्या' धरल्या जातात. तुमच्या लेकीला हे आधीच सांगून ठेवा.

परिषदेच्या हातात असतं काय, असंही काकूंनी विचारलं. फार काही नसतं. प्राध्यापक नेमणं, फी ठरवणं हे तिचं काम नव्हे. वाचनालय किती वाजता उघडतं, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, वसतिगृहाचं जेवण कसं आहे, युवक महोत्सवाला कोण जाणार, निकालात घोळ झाला तर पाठपुरावा कोण करणार, अशा गोष्टी मांडायच्या. आपल्या गटाला तरी पहिल्या वर्षी कोण विचारत होतं? वीस-वीस रुपये गोळा करणाऱ्या बाया म्हणायचे. पण ठराव लिहून, सह्या करून, पोच घेऊन आपण गेलो तेव्हा ग्रामसेवकानं खुर्ची दिली.

आता पावतीवरच्या त्या ओळीचं. विद्यापीठात पूर्वी विद्यार्थी कल्याण म्हणून विभाग असायचा. नव्या कायद्यानं तिथं विद्यार्थी विकास मंडळ आणलं. 'कमवा आणि शिका' सारखी योजना, युवक महोत्सव, विद्यार्थ्यांचे कार्यक्रम ही कामं त्या बाजूची. 'कमवा आणि शिका' मध्ये मूल शिकता शिकता काही तास काम करतं आणि त्याला पैसे मिळतात. गरजू मुलीनं याची चौकशी कॉलेजात जरूर करावी. म्हणजे कल्याण कुणाचं, तर आपल्या पोरीचं. आणि ते ठरवताना तिची निवडलेली माणसं समोर असावीत, अशी कायद्याची इच्छा आहे.

निवडणूक होईना, तोवर हात बांधून बसायचं का? नाही. दोन जागा अशा आहेत की त्यांना परिषदेच्या निवडणुकीची वाट बघावी लागत नाही, आणि त्या आईनं माहीत करून घ्याव्यात अशा आहेत.

पहिली, अंतर्गत तक्रार समिती. मुलीला कुणी त्रास दिला, मग तो विद्यार्थी असो, शिक्षक असो की कर्मचारी, तर तक्रार या समितीकडं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांप्रमाणं ही समिती प्रत्येक कॉलेजात हवी. तिची प्रमुख बाईच असते, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर समितीत विद्यार्थीही घ्यायचे. ते कसे? नियमात स्पष्ट लिहिलंय, पारदर्शक लोकशाही पद्धतीनं निवडून. कुणी व्हरांड्यात रजिस्टर पुढं करून नव्हे.

दुसरी, विद्यार्थी तक्रार निवारण समिती. निकाल अडला, कागदपत्रं अडवून ठेवली, फीबद्दल तक्रार आहे, यासाठी. २०२३ च्या नियमांप्रमाणं तिच्यात निदान एक बाई आणि निदान एक मागास प्रवर्गातली व्यक्ती हवी, विद्यार्थ्यांचाही एक प्रतिनिधी बोलवायचा. तक्रार आल्यापासून पंधरा कामकाजाच्या दिवसांत समितीनं अहवाल द्यायचा. नाही पटला तर विद्यापीठाच्या लोकपालाकडं जाता येतं. तोंडी सांगू नका. लेखी द्या आणि पोच घ्या. हे मी तुम्हाला गटाच्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगते, इथंही तेच.

आणि आता जिच्या पेटीत पदवीचा कागद आहे तिच्यासाठी. आपल्या गटांत आता बी.ए., बी.कॉम. झालेल्या सुना आहेत. कागद लॅमिनेशन करून ट्रंकेत ठेवलेला असतो, लग्न जमवताना एकदा बाहेर निघाला तेवढाच. तो कागद अजून एका कामाचा आहे. मघाशी अधिसभा सांगितली. तिच्यात दहा जागा पदवीधरांच्या असतात. त्यातल्या पाच राखीव, आणि त्या पाचातली एक महिलांची. या दहा जणांना विद्यापीठाचे नोंदणी केलेले पदवीधर निवडून देतात. मागची निवडणूक नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली. अधिसभेची मुदत पाच वर्षांची. आपोआप नाव येत नाही, त्यासाठी अर्ज करावा लागतो, म्हणून बहुतेक बायांचं नाव यादीत नसतंच. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची यादी वेगळी, ही वेगळी. एकात नाव आहे म्हणून दुसऱ्यात असतं असं समजू नका. नोंदणी सुरू झाली की मी तालुक्यातल्या सगळ्या गटांना कळवणार आहे. पदवीचं प्रमाणपत्र शोधून ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा पुरावाही काढून ठेवा, आपलं तिथंच अडतं.

काकूंना हे सगळं सांगितलं त्या बैठकीला ती ताईंची लेकही येऊन बसली होती. ऐकत होती, काही बोलली नाही. आठ-दहा दिवसांनी तिचा फोन आला. त्यांच्या वर्गानं एका मॅडमची परवानगी घेऊन चिठ्ठ्या टाकून आपला वर्ग प्रतिनिधी निवडला. कायद्याच्या हिशोबानं ही निवडणूक नव्हे, आणि कॉलेजच्या रजिस्टरला त्याची नोंद नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे मावशी, पण आमच्या वहीत आहे." तीन जण उभे होते. ती स्वतः उभी होती आणि सहा मतांनी पडली. निवडून आली ती होस्टेलवर राहणारी मुलगी. म्हटलं, मग वाईट वाटलं का? म्हणाली, "एक दिवस वाटलं."

दोघींनी मिळून एसटीच्या आगारप्रमुखांना अर्ज लिहिला. शेवटचा तास पाचला सुटतो, गाडी साडेचारला जाते, कोणकोणत्या गावच्या किती मुली आहेत त्याची यादी, खाली सगळ्यांच्या सह्या. अर्ज लिहिताना मला दाखवला होता. मी फक्त एक वाक्य खोडलं, त्यात 'कृपया' तीनदा आलं होतं. अर्जाची पोच मिळाली आहे, शिक्का आणि तारखेसह. परवा मी त्यांच्या गावाकडं गटाच्या बैठकीला गेले होते. गाडी अजून साडेचारलाच जाते. मुली म्हणाल्या, येत्या सोमवारी पुन्हा जाणार आहेत, या वेळी दोघी-तिघींच्या आया बरोबर असतील. काकूही येणार म्हणतात.